मिस्त्रीच्या डोळ्यातला बुडबुडा

जरा असे पुढे सरका, म्हणजे मला घसा ताणावा लागणार नाही. मागच्यांनीही यावं, जागा आहे. एका माणसाच्या डोळ्याची गोष्ट सांगतो. डोळा तो केवढा, लिंबाएवढासुद्धा नाही. पण त्याच्यापायी एक अख्खं घर जीव मुठीत धरून बसलं होतं. देव सगळ्यांना डोळे दोन देतो. या माणसाकडे कामाचा एकच उरला होता. तेवढं लक्षात ठेवा आणि ऐका.

तो गाड्या दुरुस्त करायचा. सगळा गाव त्याला मिस्त्री म्हणे, आणि भांडण झालं की बायकोही मिस्त्रीच म्हणे. घर आणि गॅरेज एका भिंतीच्या दोन बाजूंना. स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं की माणूस थेट गाड्यांच्या पोटापाशी. तरुणपणी लोखंड घासताना कीस उडाला आणि डावा डोळा गेला. त्याचंही त्यानं कधी रडगाणं केलं नाही. "लोक नेम धरायला एक डोळा मिटतात," म्हणायचा, "माझा मिटलेलाच आहे, वेळ वाचतो."

उरलेल्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू धरला, तेव्हा आज दाखवू, उद्या दाखवू असं चाललं होतं. मग एका सकाळी डोळ्यापुढे काजळी उडायला लागली आणि दिवस मावळायच्या आत खालून वर चढत येणारी एक सावली दिसायला लागली. बायको शाळेत शिकवून घरी आली, तर मिस्त्री पायरीवर हात चाचपत बसलेला. ती पिशवी खाली न ठेवता तशीच त्याला दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या. बोलता बोलता चित्र काढायची त्यांना सवय होती. कागदावर एक गोल काढून म्हणाल्या, "भिंतीला चिकटवलेला कागद ओल येऊन सुटावा, तसा डोळ्याच्या आतला पडदा सुटलाय. तो बसवायला हवा, आणि लगेच. मोतीबिंदूही त्याच वेळी काढते. नाहीतर तो वाढेल आणि परत त्याच डोळ्याला हात लावावा लागेल. आता सांगा, नवं भिंग कशासाठी बसवू? लांबचं स्वच्छ दिसायला, की जवळचं?"

"लांबचं," मिस्त्री म्हणाला. "गाडी दुरुस्त केली की रस्त्यावर चालवून बघावी लागते. नटबोल्टाला चष्मा लावेन."

"आम्ही डोळा मोजून भिंगाचा नंबर काढतो. पण दोन्ही ऑपरेशनं एकदम केली की भिंग केसभर पुढे-मागे बसतं, आणि तेवढ्यानंही दिसण्यात फरक पडतो. शिवाय आत गॅसचा बुडबुडा सोडणार आहे. तो वर चढतो आणि पडद्याला दाबून धरतो. म्हणून तुम्ही तोंड खाली करून राहायचं. पाठीवर अजिबात झोपायचं नाही. झोपलात तर बुडबुडा पुढे येईल आणि पडद्याऐवजी भिंगालाच ढकलेल."

बायकोनं एकेक शब्द मनात साठवला. मिस्त्रीनं त्यातला एकच शब्द घरी आणला. बुडबुडा.

आता त्याच्या बाजूनंही बघा. गाडीच्या ब्रेकच्या नळीत तेल भरलेलं असतं. त्या तेलात हवेचा एक बुडबुडा जरी शिरला तरी पेडल कापसासारखं दबतं आणि गाडी थांबत नाही. आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांच्या गाड्यांतली हवा काढली होती. गाडीखाली लोळायचं, नळीच्या सगळ्यात उंच टोकाचा स्क्रू सैल करायचा, हवा फसफसत बाहेर येते, मग निखळ तेल येतं, मग स्क्रू आवळायचा. हे काम करताना तो कुणाशी बोलत नसे. अशा माणसाच्या एकुलत्या एका डोळ्यात बाई मुद्दाम हवा भरून ठेवणार होत्या.

ऑपरेशन झालं. पडदा बसला, भिंग बसलं. घरी आल्यावर मिस्त्रीनं मेहुण्याच्या हातून एक बैठक करून घेतली. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, गॅरेजमधला भागीदार. भंगारातल्या गाडीची सीट, तिला मधोमध भोक, कपाळ टेकायला डोक्यामागची उशी उलटी लावलेली. मिस्त्री तिच्यावर पालथा पडून राही आणि भोकातून फरशी बघे. राखणीला त्याची थोरली बहीण आली. तिला सगळे आक्का म्हणत. आक्का म्हणजे नामस्मरणात मुरलेली बाई, पण जिभेला धार.

"जन्मभर गाड्यांखाली लोळून वर बघितलंस," ती पहिल्याच दिवशी म्हणाली. "देवानं म्हटलं असेल, याला जरा मान खाली घालायला शिकवू."

"आक्का, देवाला सांग, शिकलो. आता पुरे."

"मी कोण सांगणारी. तू पालथा पड."

तिनं खरंच डोळ्यांत तेल घालून पहारा केला. जेवण भरवलं ते त्याला मान खालीच ठेवायला लावून. झोपेत कूस बदलायला लागला की तिचा हात त्याच्या खांद्यावर पडलेलाच. दुपारी मात्र रेडिओवर गाऊन सांगितलेलं प्रवचन लागायचं. देवाच्या कथा, मध्ये पद, पुन्हा कथा. ते सुरू झालं की आक्का डोळे मिटून डोलायला लागे. अशा वेळी छप्पर उडालं असतं तरी तिला कळलं नसतं. ज्याला या गाण्याची गोडी आहे तो तिला दोष देणार नाही. मी तर नाहीच देणार.

बुडबुडा हळूहळू लहान होत होता. मिस्त्रीला तो दिसायचा. उठून बसला की नजरेच्या खालच्या अंगाला पाण्याच्या पातळीसारखी एक रेघ थरथरायची. मान हलली की रेघही हलायची.

"ही हवा जाणार कधी?" तो बायकोला विचारी.

"आपोआप जिरेल म्हणाल्यात बाई."

"हवा आपोआप जात नसते. काढावी लागते."

"अहो, डोळा आहे तो. ब्रेक नाही."

त्यानं परत तोंड खाली घातलं. पण मनात हिशोब सुरू झाला होता. हवा नेहमी उंच टोकाला जाते. बाईंनी डोळ्याला भोकं पाडली ती पुढच्या बाजूला, बुबुळाच्या कडेला. हवा भरली तीही तिथूनच. मग पाठीवर झोपलं की डोळ्याची पुढची बाजू सगळ्यात उंच होणार, हवा त्या भोकांखाली येणार आणि हळूहळू निघून जाणार. त्याला हे इतकं सरळ वाटलं की बाईंना कसं सुचलं नाही याचंच नवल वाटलं.

त्या दुपारी रेडिओ लागला. आक्का डोलायला लागली. मेहुणा सुटे भाग आणायला गेला होता. मिस्त्री पावलं न वाजवता मागच्या दारानं गॅरेजमध्ये गेला. गाडीखाली शिरायची चाकं लावलेली फळी त्यानं ओढली, तिच्यावर पाठ टेकली, मान थोडी खाली सोडली आणि दोन्ही हात छातीवर ठेवून पडून राहिला. त्याला फार बरं वाटलं. इतक्या दिवसांनी पाठ टेकली होती. पद संपून कथा सुरू झाल्याचं ऐकू आलं तेव्हा तो उठून आला आणि परत पालथा पडला. दुसऱ्या दिवशीही तेच केलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायको डोळ्यात थेंब घालायला आली. त्यानं सहज बाटली हातात घेतली, तर तिच्यावरची मुंगीएवढी अक्षरं त्याला चष्म्याशिवाय वाचता आली. सगळी. औषधाचं नाव, कंपनीचा पत्ता, थंड जागी ठेवा.

"वाचलं मी," तो म्हणाला.

बायकोनं हात जोडले. आक्कानं देवापुढे साखर ठेवली. मेहुणा म्हणाला, "भावोजी, आता तुम्हाला बिलंही वाचता येतील, माझं अवघड झालं."

सगळे हसले. हसता हसता मिस्त्रीनं समोरच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे कॅलेंडर होतं. कालपर्यंत, रेघेच्या वरच्या बाजूनं का होईना, त्याला तारखा दिसत होत्या. आज भिंतीवर नुसता एक पांढरा डाग होता.

त्याचं हसू तसंच तोंडावर राहिलं. भिंग लांबचं बसवलं होतं. मग लांबचं गेलं कुठे?

तिथून पुढचे दिवस त्याचे कसे गेले ते त्याला माहीत. खिडकीतून विजेचा खांब दिसायचा. तो उठल्या उठल्या खांब शोधी. आधी खांबावरच्या तारा गेल्या, मग खांबाची कड गेली, मग आकाशात उभी एक पुसट रेघ राहिली. दिव्याला शेपट्या फुटायला लागल्या. डोळ्याच्या मागे एक ठणका बसला, फार नाही, पण न उठणारा. मनानं एकच घेतलं, की पडदा परत सुटला. आपण पाठीवर झोपलो, बुडबुडा हलला, कागद परत भिंतीवरून निघाला. आणि हे बाईंना सांगायचं म्हणजे त्यांच्या तोंडून ऐकायचं. ऐकेपर्यंत ते खरं नव्हतं.

तपासणीची तारीख पुढे होती. तोवर तो थांबणार होता. गिऱ्हाइकांना तोच माणूस सांगायचा, की बाबा, आवाज आला त्या दिवशी गाडी आण, तुटल्यावर नको.

"ठणकतंय का?" आक्का विचारी.

"छे."

"मग कपाळ का चोळतोस?"

"सीटची शिवण रुतते."

आक्कानं सीटवर आपली मऊ जुनी साडी चौघडी करून घातली. तो त्या साडीत तोंड खुपसून पडला आणि त्याला जास्तच अपराधी वाटलं.

उघडकीला आणलं ते बायकोनं, तेही न बोलता. शाळेतून ती लवकर आली होती. मिस्त्री खुर्चीवर बसून चहा पीत होता, समोर दार सताड उघडं. ती दारात उभी राहिली, नेहमीसारखी हाक मारली नाही. मिस्त्रीनं मान उचलून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मेहुण्या, जॅक जागेवर ठेवलास ना?"

ती दोन पावलं पुढे आली.

"अरे, तुला विचारतोय."

"मी आहे," ती म्हणाली.

मिस्त्रीनं कप खाली ठेवला. "उजेड कमी आहे."

"दार उघडं आहे, अहो. बाहेर ऊन आहे."

तिनं त्याच्या हनुवटीला धरून चेहरा वर केला आणि उजेडात त्याचा डोळा बघितला. डोळा लाल होता. बाहुली वाकडी दिसत होती, एका बाजूला ताणल्यासारखी.

"कधीपासून?"

"झाले काही दिवस."

"आणि बोलला नाहीत."

"काय बोलणार. डोळा गेला असं बोलायचं तुला?"

ती भांडली नाही. भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं आक्काला हाक मारली, मेहुण्याला गाडी काढायला लावली, आणि सगळी वरात दवाखान्यात गेली. वाटभर आक्काचे ओठ नामस्मरणात हलत होते.

बाईंनी मशीनवर त्याची हनुवटी टेकवली. प्रकाशाची फट डोळ्यावरून फिरवली, मग हातातलं एक भिंग डोळ्यापाशी धरून आत बघितलं. वर बघा. खाली बघा. उजवीकडे. बायकोनं आक्काचा हात धरला होता.

"पडदा जागेवर आहे," बाई म्हणाल्या.

मिस्त्रीचा श्वास सुटला, तशी मशीनच्या काचेवर वाफ धरली. बाईंनी काच पुसली. "थांबा, अजून झालं नाही. भिंग जागेवर नाही. त्याची एक कड बाहुलीतून पुढे आली आहे. सदऱ्याचं बटण काजातून अर्धं बाहेर यावं, तसं. भिंग पुढे आलं, म्हणून जवळचं दिसतंय आणि लांबचं गेलंय. डोळ्यातला दाबही वाढलाय, ठणका त्याचा. आता मला एकाच गोष्टीचं उत्तर हवंय. पाठीवर झोपला होतात?"

"नाही," आक्का म्हणाली. विचारलं कुणाला, उत्तर दिलं कुणी. "बाई, मी त्याच्या उशाशी बसून आहे. देवाला साक्षी ठेवून सांगते, त्याची पाठ एकदाही टेकू दिली नाही."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्यांनाही त्या चेहऱ्यात खोटं दिसलं नसणार, कारण नव्हतंच. त्यांनी मान हलवली आणि त्यांचा स्वर जड झाला. "मग अवघड आहे. आपोआप पुढे आलं असेल, तर ज्या पातळ पिशवीत भिंग बसवलंय तिचा आधार सैल झाला असं धरावं लागेल. तसं असेल तर हे भिंग काढून दुसरं आत शिवावं लागतं. ऑपरेशन मोठं आहे. पडदा नुकताच चिकटलाय, त्या डोळ्यात इतक्यात एवढं शिरायची माझी इच्छा नाही, पण असंच ठेवताही येणार नाही."

"आणि पाठीवर झोपल्यामुळे झालं असतं तर?" बायकोनं विचारलं. ती मिस्त्रीकडे बघत नव्हती.

"तर पिशवी धड असण्याची शक्यता जास्त. मग बारीक हत्यारानं कड मागे ढकलून बसवून बघता आलं असतं. छोटं काम." बाई उठल्या. "मी उद्याची तयारी सांगते."

मिस्त्री खुर्चीत बसून होता. लांबचं त्याला काही दिसत नव्हतं. बाई म्हणजे एक हलता पांढरा आकार. पण खुर्चीच्या दांडीवर आक्काचा हात होता, अगदी जवळ, आणि जवळचं त्याला लख्ख दिसत होतं. सुरकुत्या, जपाची माळ ओढून बोटाला पडलेला घट्टा, नखाची कड. हा हात इतके दिवस त्याच्या खांद्यावर होता. आता तोंड उघडलं की याच हाताच्या मालकिणीनं देवाला साक्षी ठेवून सांगितलेलं सगळ्यांसमोर खोटं पडणार होतं. नाही उघडलं तर डोळा.

"बाई," तो म्हणाला. "मी झोपलो होतो. पाठीवर."

आक्काचा हात दांडीवरून निघाला.

"दोन दुपारी. गॅरेजमध्ये, फळीवर. आक्काला माहीत नाही. ही रेडिओ ऐकत होती तेव्हा गेलो."

"कशासाठी?" बाईंनी विचारलं.

"हवा काढायला."

बाईंना कळलं नाही. मग त्यानं सगळं सांगितलं, ब्रेक, नळी, उंच टोक, पुढची भोकं. सांगताना त्याचे हात आपोआप स्क्रू सैल केल्यासारखे फिरत होते. बाई ऐकत राहिल्या. रागावतील असं बायकोला वाटलं. त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "भोकं केव्हाच मिटलीत, मिस्त्री. हवेला वाटच नव्हती. वाट नाही म्हणून तिनं भिंग ढकललं." मग थोडं थांबून, "पण हे सांगितलंत ते फार बरं केलंत. किती दिवस झाले त्याला?"

त्यानं सांगितलं. बाईंचा चेहरा परत बदलला. "लगेच आला असतात तर थेंब घालून आणि नुसत्या धक्क्यानं काम झालं असतं. आता बाहुलीची कड भिंगाला चिकटायला लागली असेल. बघू. आजच करते."

दाब उतरवायचं औषध दिलं, थेंब घातले, आणि त्याला आत नेलं. बाहेर बाकावर तिघं बसली. मेहुणा दर थोड्या वेळानं उठून पाणी पिऊन येई. बायकोनं आक्काच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुमचा काही दोष नाही, आक्का."

"मी देवाला साक्षीला ओढलं," आक्का म्हणाली. "मी डोळे मिटून बसले होते, आणि म्हटलं काय, तर मी बघत होते."

"तुम्हाला ठाऊक नव्हतं."

"त्याला तर ठाऊक होतं ना." हे देवाबद्दल म्हणाली की भावाबद्दल, बायकोनं विचारलं नाही.

बाई बाहेर आल्या. टोपी काढता काढता म्हणाल्या, की पिशवी धड आहे. एका जागी चिकटलं होतं, ते सोडवलं. भिंग मागे गेलं आहे, पण जिथे पहिल्यांदा ठेवलं होतं तिथवर नाही. थोडं पुढेच राहिलं. लांबचं आता चष्म्याशिवाय स्वच्छ दिसेल असं त्या म्हणणार नाहीत. बुडबुडा पूर्ण जिरेल, पिशवी आवळत जाईल, तसं भिंग अजून थोडं सरकेल, मागे किंवा पुढे. त्यानंतर चष्म्याचा नंबर. रस्ता त्या चष्म्यातून दिसला तर गाडी चालवायची, नाहीतर नाही.

"आणि पडदा?" बायकोनं विचारलं.

"आज धरून आहे. बुडबुडा गेल्यावर खरं कळेल."

घरी येताना मिस्त्री पुढच्या सीटवर मान खाली घालून बसला. मागून आक्का म्हणाली, "मला सांगितलं असतंस तर मी रेडिओ बंद केला असता."

"म्हणून तर नाही सांगितलं."

"गाढवा," ती म्हणाली. कितीतरी वेळानं तिनं तोंड उघडलं होतं, म्हणून मेहुण्यानं गाडी जरा हळू केली.

त्या दिवसापासून मिस्त्रीच्या बनियनला पाठीच्या मधोमध कापडात गुंडाळलेला एक मोठा नट शिवलेला आहे. आक्कानंच शिवला. उताणा व्हायला गेला की तो रुततो आणि मिस्त्री शिव्या देत कुशीवर वळतो. रेडिओ तिनं नेऊन शेजारी ठेवायला दिला आहे. बायकोनं दोनदा परत आणला, तिनं दोनदा परत पाठवला. मिस्त्री तिला म्हणाला, "आक्का, चूक माझी, उपास तुला कशाला?" ती म्हणाली, "तू फरशीकडे बघ."

गोष्ट इथवरच आली आहे. रेघेचा आता मटाराच्या दाण्याएवढा गोल बुडबुडा उरला आहे, मान खाली घातली की मधोमध येऊन थरथरतो. खांबाची कड थोडी परत आली आहे. तारा नाहीत. तपासणी व्हायची आहे. मिस्त्री आता हवा-बिवा काही काढायला जात नाही, आणि रोज सकाळी खिडकीपाशी उभा राहतो तेव्हा बायको स्वयंपाकघरात भांडी वाजवायची थांबते.

तुम्ही घरी जाल, दिवा लावाल, हात जोडाल. मिस्त्रीचं नाव घ्यालच, ते सांगायला नको. त्याच्या डोळ्यासाठी बाईंचे हात आहेत, घरची माणसं आहेत. माझं मागणं आक्कासाठी आहे. तिनं खरं मानून सांगितलं आणि ते खोटं निघालं, आणि आता देवाचं गाणं ऐकायलाही तिचा जीव भितो. तुमच्या कानावर कधी ते गाणं पडलं, तर डोळे मिटायच्या आधी तिची आठवण काढा.